पेपर काढला कोणी?

ती गोष्ट विसरायची ठरवली तरी मला विसरता येत नाही, कारण तिची सुरुवात माझ्याच कोटावर झाली.

वार्षिक तपासणीला एस.पी. साहेब आले होते. परेडच्या सकाळी पाहतो तर युनिफॉर्मच्या कोटाचं वरून तिसरं बटण गायब. पितळी, सरकारी छापाचं बटण. बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. वेळ नव्हता, म्हणून मी आतून सेफ्टी पिन लावली आणि छाती फुगवून उभा राहिलो. साहेब समोर आले, मी कडक सलाम ठोकला, आणि पिन उघडून छातीत घुसली. सलाम करता करता ठाणेदाराने "आई गं" म्हटल्याचं त्या जिल्ह्यातलं ते बहुधा पहिलंच उदाहरण असावं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं एक बटण फरार दिसतंय. तपास करा."

मी तपास केला. परटाला दोनदा ठाण्यावर बोलावलं. त्याने पोरांची शपथ घेऊन सांगितलं की कोट घरी गेला तेव्हा सगळी बटणं जागच्या जागी होती. मी त्याला दम देऊन सोडलं. मग घरी विचारलं. बायकोने काहीतरी उत्तर दिलं. मी बूट घालत होतो. "बरं" म्हणालो आणि निघालो. संध्याकाळी शिंप्याकडून त्या जागी एक काळं बटण लावून घेतलं आणि प्रकरण माझ्यापुरतं मिटलं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्याकडे लोक फौजदाराला अजून ठाणेदारच म्हणत. माझी नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. त्यातले काही अजून आहेत, आणि काहींची नातवंडं वकील झाली आहेत. दारव्ह्याहून मोटारीने दीड तास, एवढं पुरे.

अकरावीच्या शेवटी मॅट्रिकची परीक्षा असे. कॉलेजात जायचं तर तेवढं एकच दार. फेब्रुवारी उजाडला की गावाचा रंग बदलायचा. आजूबाजूच्या खेड्यांतले पोट्टे गावात खोली घेऊन राहायचे, स्टोव्हवर खिचडी शिजवायचे, आणि भल्या सकाळी नदीकाठाने पुटपुटत फिरायचे. माझ्या एका शिपायाने असा एक पोरगा 'संशयास्पद हालचाल' म्हणून धरून आणला होता. तो अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग म्हणत होता. शिपायाला वाटलं, टोळीचे सांकेतिक शब्द आहेत. मी त्या शिपायाला खूप हसलो होतो. तेवढंच पुण्य माझ्या खात्यावर कमी झालं असणार.

परीक्षेचे पेपर जिल्ह्याहून लोखंडी पेटीत यायचे. पेटीला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाखेचं सील. ती पेटी तहसील कचेरीतल्या ट्रेझरीत ठेवायची आणि दारात पोलिसांचा पहारा. रोज सकाळी मी स्वतः जाऊन सील बघायचो आणि रजिस्टरात 'सील शाबूत' असं लिहून सही करायचो. या कामाचा मला फार अभिमान. घरी जेवताना दुसरा विषय नसे. ट्रेझरी अशी, सील असं, पाकीट अमुक वाजताच फुटणार, एक मिनिट आधी नाही. तालुक्यातल्या सगळ्या पोरांचं नशीब माझ्या पहाऱ्यात आहे असं मी बायकोला सांगायचो. ती वरण वाढत ऐकून घ्यायची. आमच्या घरात ऐकून घेण्याचं खातं तिच्याकडे होतं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना एका दुपारी मोटार स्टँडवरचा हॉटेलवाला ठाण्यात आला. हा माझा सगळ्यात भरवशाचा खबऱ्या. मोटारी थांबणार त्याच्या दारात, माणसं चहा पिणार त्याच्या बाकावर. त्याच्या कानात काय पडत नसेल?

"साहेब, थोडं आतमंदी बोलाव लागते."

"बोल."

"पेपर फुटला."

मी खुर्चीत सरळ झालो. "कोणता?"

"मॅट्रिकचा. गनिताचा. दोन पोट्टे चहा पिऊन राह्यले होते. एक म्हने, तिनं काल पुरा पेपर काढला. दुसरा म्हने, कुठून आनते बे हे पेपर? त पयला म्हने, ट्रेझरीतून. सीलबंद पाकीट असते, लाखेचं सील, म्यां सोता पाह्यलं."

"ट्रेझरीतून म्हणाला? नक्की?"

"माह्या कानानं आयकलं साहेब. हातातली बशी पडता पडता राह्यली."

"ती म्हणजे कोण?"

"जिनिंगात गठानी उचलते ना तो, बौद्ध वस्तीतला? त्याची पोरगी. चाचनीत गनितात पयली आली तवाच मले शंका आलती."

ही शंका मला वावगी वाटली नाही, हे इथे लिहून टाकलेलं बरं. गठाणी उचलणाऱ्याची मुलगी, घरात दिवा एक, शिकवणी नाही, आणि गणितात पहिली. मला ते संशयाला कारण वाटलं. ज्याचं कौतुक वाटायला हवं होतं, ते मी पुरावा म्हणून धरलं.

शिवाय तो शब्द. पोलिसाच्या कानाला 'काढणे' फार ओळखीचं. आम्ही माग काढतो, माल काढतो, कबुली काढतो. ट्रेझरीतून पेपर 'काढला' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाकवलेले गज आणि वितळवलेलं सील उभं राहिलं. शाळेतली पोरं गणित सोडवलं की 'गणित काढलं' म्हणतात, मास्तर पेपर तयार करतात त्यालाही 'पेपर काढणं' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीही शाळेत गेलेला माणूस. पण डोक्यावर टोपी चढली की काही अर्थ टोपीखाली दबून जातात.

माझे जमादार वयाने मला वडिलांसारखे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि घाई हा प्रकार अंगात नाही. आम्ही दोघे तडक ट्रेझरीत गेलो. पेटी पाहिली. पहाऱ्यावरच्या शिपायाला उलटसुलट विचारलं. जमादारांनी पेटीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, सील शाबूत, कुलूप शाबूत, गज शाबूत. मंग फुटलं काय?"

"पेपर."

"तो त पेटीत हाये."

"आत आहे की नाही, हे पेटी उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"मंग उघडा."

"परीक्षेच्या दिवसाआधी पेटी उघडता येत नाही."

जमादारांनी थोडा विचार केला. "म्हंजे पेपर फुटला का नाही हे पाहाले तो आपल्यालेच फोडाव लागते."

मी त्यांच्यावर चिडलो. रोज सकाळी 'सील शाबूत' लिहून मी सही केलेली. पेपर फुटला असेल तर त्या सगळ्या सह्या माझ्याविरुद्ध साक्ष देणार होत्या. माणूस घाबरला की त्याला गुन्हेगार लवकर सापडतो, हा माझा अनुभव. आणि तो मला स्वतःवरूनच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तरांनी मुलीला बोलावून घेतलं. वय सतराच्या आसपास, पांढरं पातळ, बोटांना शाई, खांद्याला कापडी पिशवी. ठाणेदार बघून ती दचकली, मग का कोण जाणे, जरा हसली. निर्ढावलेली दिसते, अशी मी मनात नोंद केली. हेडमास्तरांनी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. भूमितीचं पुस्तक, लॉगचे तक्ते, फडक्यात बांधलेली भाकर, आणि एक जाड पिवळं पाकीट. पाकिटावर सुवाच्य अक्षरात: मॅट्रिक. गणित. वेळ तीन तास. मागे लाखेचं सील.

"हे काय आहे?"

"पेपर, सर."

"कुठून आणलास?"

"ट्रेझरीतून."

हेडमास्तरांची तपकिरीची चिमूट नाकाखाली तशीच थांबली. मी पाकीट फोडायला घेतलं, तर मुलीने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"नाही सर. रविवारी अकराला उघडाचं हाये. आधी उघडलं त पेपर बाद होते."

पुऱ्या नोकरीत आरोपीने मला सील तोडू दिलं नाही, असा हा एकच प्रसंग. नियमाने तिचंच बरोबर वाटत होतं, आणि मी गोंधळून हात मागे घेतला.

जमादारांनी चष्मा पुसला आणि सीलवर वाकले. "साहेब, छाप पाहा जरा."

लाखेत गोल छाप उठला होता. मधे सरकारी चिन्ह, भोवती बारीक कड. जमादारांनी आपल्या कोटाच्या बटणाकडे पाहिलं. हेडमास्तरांनीही जमादारांच्या बटणाकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, जिथे तिसऱ्या जागी काळं बटण होतं.

मी तत्काळ निष्कर्ष काढला: ठाण्यातलाच कोणीतरी सामील आहे, आणि त्याने माझं बटण चोरून खोटं सील बनवलं. परटावर माझा पुन्हा एकदा संशय गेला.

हेडमास्तरांनी खणातून त्या मुलीचं परीक्षेचं हॉल तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "हे आता तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे असणं बरं नाही." मी ते वहीत ठेवलं. माझा रिपोर्ट जिल्ह्याला, तिथून बोर्डाला, की तिचं नाव यादीतून गेलं. हे तिलाही कळलं. वर्गाकडे जाताना तीन वेळा तिने मागे वळून त्या वहीकडे पाहिलं.

दुपारी तिला वडिलांसोबत ठाण्यात बोलावलं. हेडमास्तर आणि तहसीलचा एक कारकून पंच म्हणून बसले. वडील जिनिंगातून तसेच आलेले, डोक्यावर, भुवयांवर सरकीचा कापूस. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. सरळ उभा राहायचा, पण त्या दिवशी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. मी दोघांना बाकावर बसवलं आणि जबाब घ्यायला सुरुवात केली.

"पेपर कोण देतं तुला?"

"बाई देते."

"कोणत्या बाई? शाळेत तर एकही बाई नाही."

"शाळेतल्या नाही सर. आमच्या बाई."

"राहतात कुठे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इथंच."

"इथंच म्हणजे?"

"मांगच्या क्वार्टरात."

"कोणाच्या क्वार्टरात? नीट सांग. घाबरू नकोस."

"मी घाबरून नाही राह्यली सर. तुम्ही मले पारखून राह्यले काय? बाई म्हंते, परीक्षेत कोनी उलटून विचारलं त घाई करू नको, प्रश्न दोनदा वाच." आणि ती खरंच गप्प बसली, माझा प्रश्न मनात दोनदा वाचत.

मी जमादारांकडे वळलो. "पोलीस लाइनीत कोण बाई शिकवतात?"

जमादार छताच्या कवेलूंकडे बघत होते. "मले काय मालूम साहेब. मी जरा पानी पिऊन येतो." आणि गेले. मी या ठाण्यात आल्यापासून पाणी प्यायला परवानगी न मागता गेलेले ते पहिल्यांदाच.

माझ्या डोक्यात आता चार टोकं झाली होती आणि एकही दुसऱ्याला लागत नव्हतं. ट्रेझरी शाबूत, पेपर बाहेर. सील सरकारी, पाकीट खाजगी. आरोपी कबूल, पण कशाला कबूल ते कळत नाही. मी आवाज चढवला. पोलिसाला काही कळेनासं झालं की आवाज चढतो. जुन्या माणसांना हे माहीत असतं, आणि ते त्याला भीत नाहीत. पण तिचे वडील भ्याले.

ते उठून टेबलाजवळ आले. "साहेब, लिहा. पेपर म्यां काढला."

"तुम्ही? कसा?"

"कसा काढतेत ते तुम्हीच लिहून घ्या. मले वाचता येत नाही. मी अंगठा देतो. पन पोरीचं तिकीट देऊन टाका. औंदा नाही बसली, त भाऊकी तिचं लगन लावून टाकन. एकाच सालाची गोष्ट हाये साहेब. मले ठेवा, तिले जाऊ द्या."

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमी गप बसा ना. काही झालंच नाही."

मी टाक उचलला आणि त्यांची कबुली लिहायला घेतली. दोन ओळी लिहिल्याही. त्या दोन ओळी लिहिताना मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. एक गुन्हा होता, आता एक गुन्हेगार मिळाला. गुन्हा काय हे त्याला माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं.

जमादार तोवर परत आले होते. मिशा कोरड्या होत्या. म्हणाले, "साहेब, अंगठा घ्याच्या आधी पाकीट त पाहा."

मी सील तोडलं. इतका वेळ न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली. आवाज न करता, तुटलेल्या लाखेकडे बघत.

आत हाताने लिहिलेले तीन कागद होते. मी ते हेडमास्तरांकडे दिले. त्यांनी चष्मा लावला आणि पंच म्हणून मोठ्याने वाचू लागले. पहिले दोन प्रश्न चक्रवाढ आणि क्षेत्रफळाचे. तिसऱ्याशी ते अडखळले.

"प्रश्न तिसरा. एक चोर ताशी पाच मैल वेगाने पळत आहे. तो निघाल्यानंतर अर्ध्या तासाने एक ठाणेदार ताशी चार मैल वेगाने त्याच वाटेने त्याचा पाठलाग सुरू करतो. तर ठाणेदार चोराला किती वेळाने गाठेल?"

शिपाई जमिनीकडे बघत होते. बाकावरून, नाक पुसता पुसता, अगदी सवयीने उत्तर आलं: "कधीच नाही."

हेडमास्तरांनी कागद खाली ठेवला. "ठाणेदार साहेब, हा बोर्डाचा पेपर नाही. मी इतकी वर्षं पाहतोय. बोर्ड असा विनोद करत नाही."

मी कागद ओढून घेतला. 'ठाणेदार'मधला ठ पाहिला. गोलाच्या वर तुरा काढलेला ठ. महिन्याच्या महिन्याला मी तो किराणा सामानाच्या यादीत पाहत होतो: पीठ, मीठ, सुंठ.

"बसा सगळे," मी म्हणालो. "मी आलो."

ठाण्याच्या मागे पन्नास पावलांवर माझं क्वार्टर. मागच्या पडवीत बायको खाली बसली होती. समोर तिची माहेरची पत्र्याची ट्रंक, बाजूला पेटलेली मेणबत्ती, पाकिटावर लाखेचा लाल थेंब. चिमट्यात धरलेलं माझं तिसरं बटण ती त्या थेंबावर दाबत होती. इतकं रंगेहाथ मी आयुष्यात कोणाला पकडलं नाही.

"हात लावू नका," ती म्हणाली, "गरम आहे."

"हे काय चाललंय?"

"पुढच्या रविवारचा पेपर. आणि या वेळेला घरी कसे?"

"हे बटण माझं आहे."

"तुमचंच. तुम्हाला विचारून घेतलं."

"ही ट्रंक..."

"ट्रेझरी म्हणते मी तिला. तुमच्यामुळेच. रोज जेवताना ऐकून ऐकून." मग माझ्या हातातलं फुटकं पाकीट तिला दिसलं. तिचा चेहरा बदलला. "हे कोणी उघडलं? हे तिच्याजवळ होतं. ती कुठे आहे?"

मी सांगितलं. ती उठून उभी राहिली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बायको लग्नाआधी अमरावतीला मॅट्रिक झालेली, गणितात वरचे गुण घेऊन. कॉलेजचा फॉर्म भरायच्या आत माझं स्थळ आलं. दिवाळीनंतर क्वार्टरामागच्या कडुनिंबाखाली ही मुलगी गणितं करत बसलेली तिला दिसली. कुंपणाच्या तारेवरून एक गणित इकडून गेलं, उत्तर तिकडून आलं. थंडी सरेपर्यंत मुलगी पडवीत येऊन बसू लागली. बायको पेपर काढायची, मुलगी घड्याळ लावून तो काढायची. बोर्डाच्या परीक्षेत पाकीट फुटताना हातपाय कापू नयेत, म्हणून सील.

"मागच्या दाराने कशाला?" मी विचारलं.

"पुढून आली असती तर लाइनीतल्या बायकांनी विचारलं असतं, कोणाची, कुठल्या वस्तीतली. तुम्हाला ताप नको म्हणून तिनेच सांगितलं, मी मागून येते." मेणबत्ती विझवत ती म्हणाली, "मीही हो म्हटलं. तेवढं माझं चुकलं."

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं होतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा सांगितलं, ट्रंक रिकामी केली तेव्हा सांगितलं, बटण घेतलं तेव्हा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही 'बरं' म्हणालात."

तिन्ही वेळा मी 'बरं' म्हणालो असणार, याबद्दल मला शंका नाही.

ठाण्यात परत आलो. मुलीसमोर उभा राहिलो. वहीतून हॉल तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "चूक माझी झाली." तिने तिकिटाची घडी आधी तपासली, मग भूमितीच्या पुस्तकात ठेवलं. वडील अजून टेबलाजवळ उभे होते.

"मंग माह्यावर काय लावलं साहेब?"

"काही नाही. तुम्ही जा."

"पन मी कबूल झालो ते?"

"ते मी खोडतो." आणि त्यांच्यासमोर त्या दोन ओळींवर आडव्या रेघा मारल्या.

त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पोरीले वाचाले द्या. खोडलं का नाही ते पाहाले."

मी कागद दिला. तिने दोनदा वाचला, प्रश्न वाचावा तसा, आणि वडिलांकडे पाहून मान हलवली. तेव्हा कुठे ते चौकटीबाहेर पडले. माझ्या सहीपेक्षा त्यांना मुलीची मान जास्त खरी वाटली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

रोजनाम्यातली नोंद मात्र खोडता येत नाही. त्यात खबर आल्याची वेळ होती, तसा शेवटही लिहावा लागला. मी लिहिलं: 'खबर गैरसमजातून. पेपर काढणाऱ्या इसमाचा शोध लागला. इसम ठाणेदाराचे घरचा.' पुढच्या तपासणीला साहेबांनी ते वाचलं, माझ्या कोटावरच्या बटणांवर एक नजर फिरवली आणि पान उलटलं.

फोडलेला पेपर बाद झाला. बायकोने रविवारसाठी दुसरा काढला, आणि पर्यवेक्षक म्हणून मला बसवलं. पुढच्या ओट्यावर, लाइनीतल्या सगळ्यांना दिसेल असं टेबल मांडून. मुलगी पुढच्या दाराने आली. अकराला मी सील तोडलं, जमादारांनी ताटलीवर चमचा वाजवून घंटा दिली. तीन तास मी तिथे युनिफॉर्ममध्ये बसलो होतो. कोणी काही विचारलं नाही. जूनमध्ये निकाल लागला, आणि ती अमरावतीला कॉलेजात गेली. जाण्याआधी बायकोला भेटायला आली तेव्हाही पुढूनच आली.

बऱ्याच दिवसांनी जमादारांकडून कळलं की चाचणीत दुसरा आलेला पोरगा त्या हॉटेलवाल्याचा पुतण्या. हॉटेलवाल्याने ऐकलं ते खोटं नव्हतं, पण त्याला काय ऐकायचं होतं हे मी विचारलं नव्हतं. पुढे प्रत्येक खबऱ्याला मी पहिला प्रश्न तोच विचारला. आणि ज्या बाकावरून बाप अंगठा द्यायला उठला होता, त्या बाकाकडे बघितल्याशिवाय मी पुन्हा कोणाची कबुली लिहून घेतली नाही. लवकर मिळालेल्या कबुलीची मला तेव्हापासून भीती वाटते. परटाचीही मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब," आणि पुढच्या खेपेला कोट देताना सगळी बटणं माझ्याकडून मोजून घेतली.

तो जबाब घेतला त्या दिवशीच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. चहा घेताना मी बायकोला जरा चिडूनच म्हटलं, "तो तिसरा प्रश्न. ठाणेदार चोराला गाठतच नाही. मग असा प्रश्न विचारण्यात अर्थ काय?"

ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "प्रश्न आला म्हणजे उत्तर असलंच पाहिजे असं मुलांना वाटतं. मग घाबरून कुठला तरी आकडा काढतात आणि मोकळी होतात. 'कधीच नाही' असं लिहायला धीर लागतो, तोच तिला शिकवत होते." तिने दोरा दातांनी तोडला. "तुम्ही आज आकडा काढलात. आणा तो कोट इकडे."